पाठमोरी बाई

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. योम किप्पूरला, आम्हां यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दिवसभर उपाशी राहून, छातीवर मूठ आपटत पापं म्हणतात, तेव्हाही नाही. तिथं सगळ्यांची पापं एकदमच म्हणायची असतात – आम्ही खोटं बोललो, आम्ही निंदा केली – आम्ही, आम्ही. त्या 'आम्ही'मध्ये मी कितीतरी वर्षं लपून बसले आहे.

माझी शाळा मराठी चौथीपर्यंत झाली, मुंबईला, भायखळ्यात. लिहायची सवय नाही. चार माणसांत बोलायचीही नाही – लहानपणापासून मी दाराआड उभी राहणारी. इथं इस्राएलात, अश्दोदला आले तरी तशीच राहिले. दुकानात काही मागायचं असलं तर हिब्रू शब्द आधी घरात पुटपुटून मग निघायची. अशा बाईला लोक भोळी म्हणतात. लाजरी बाई खोटं कशाला बोलेल, असं धरून चालतात. माझं खोटं त्याच्याच जोरावर चाललं. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? – थांब, ते पुढं सांगते.

एक बाई होती, एरुशा. तिचं नाव माझ्यामुळं गेलं. एवढं आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढं मी कच खाल्ली तरी मुख्य गोष्ट लिहिलेली राहील.

एरुशा आणि मी मुंबईत एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो. तिच्याकडं मसाला वाटला की माझ्याकडं शिंका यायच्या. ती मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची, आणि जिथं माझी जीभ टाळ्याला चिकटायची तिथं माझ्या वाटचंही तीच बोलायची. नळावर, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात. पुढं आम्ही इस्राएलला आलो तेही बरोबरच, आणि अश्दोदला आम्हांला घरं मिळाली तीही समोरासमोरच्या इमारतींत. आल्यावर थोड्याच दिवसांत तिचा नवरा वारला. तिला एक मुलगी, फ्लोरा. मला एक मुलगा, बेनी. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. मी शिवणाच्या कारखान्यात, आणि आमचे हे बंदरावर.

आता मुंबईचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मुंबई सोडायच्या आधीच्या वर्षी बेनीला ताप आला आणि तो उतरला तेव्हा त्याचे पाय लुळे पडलेले. दहा वर्षांचा मुलगा – उचलून बसवावा तिथं बसायचा. औषधं झाली, तेलं झाली. आम्ही आमच्या एलियाहू हन्नावी संदेष्ट्याच्या नावानं मालिद्याचा नवस बोललो, पोहे, खोबरं, फळं, सगळं रीतीनं केलं. पण आईचं मन एका दारात थांबतं का? शेजारची एक ख्रिस्ती बाई म्हणाली, बांद्र्याच्या टेकडीवर मावली आहे, तिला बोलून बघ. तिथं सगळ्याच धर्मांच्या बायका जायच्या. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं वाहायच्या. मी घरी विचारलं नाही. एरुशाला सांगितलं. तिनं बेनीला पाठीवर घेतलं आणि टेकडी चढली. मी नुसती मागून चालले. वर गेल्यावर नवस बोलायचा होता, तर तोही मला मोठ्यानं बोलता येईना. एरुशा म्हणाली, "मनात बोल गे. तिला काय कान नाहीत?" मी मनात बोलले – पोर चालू दे, मी परत येऊन तुझ्यापुढं मेण जाळीन.

बेनी चालला. पावसाळ्याआधी भिंत धरून, पावसाळ्यानंतर भिंत सोडून. आणि मग इस्राएलचे कागद आले, सामान बांधणं आलं, निरोप आले. टेकडीवर जायचं राहिलं. विमानात बसल्यावर एरुशा माझ्या कानाशी म्हणाली, "रिबका, तुझं बांद्र्याचं राहिलं ना?" मी म्हटलं, आता आपण आपल्या देवाच्या देशात चाललो, तिथवर मावली कशाला येते मागं? ती हसली. मीही हसले.

त्र्याहत्तरच्या किप्पूरच्या लढाईत बेनी फौजेत, सिनाईच्या वाळवंटात होता. परत आला तो हातापायांनी धड. शेजारच्या जिन्यातला मुलगा आला नव्हता, म्हणून मी आनंदानं रडायलासुद्धा घाबरले. पण आलेला मुलगा बोलेना. बाल्कनीत खुर्ची टाकून बंदराच्या क्रेनांकडं बघत बसायचा. ताटातलं तसंच वाळायचं. काही विचारलं की हिब्रूत एकच उत्तर, सगळं ठीक आहे. झोप नाही. पाय शाबूत, पण उठून कुठं जायचा नाही. मी त्याच्या पायांकडं बघायची आणि मला वाटायचं – राहिलेलं मागायला आलं. कोण आलं? ते मला विचारू नकोस. मी नाव घेत नसे, पण घरात कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटायचं, एवढं खरं.

त्यानंतरच्या वसंतात आमच्या वस्तीतल्या बायकांची सहल निघाली. आम्हांला हिब्रू शिकवायला एक रोमानियाची तरुण मुलगी यायची, तिनं ठरवलेली. यरुशलेमला जायचं, पवित्र भिंत बघायची, आणि वाटेत डोंगरातल्या एका गावात जुनं चर्च आहे ते बघायचं. आठशे वर्षांपूर्वीच्या क्रूसवाल्या सैनिकांनी बांधलेलं, त्याच्या पोटात पाण्याचा झरा आहे, असं ती सांगत होती.

आमच्या सिनेगॉगचा कारभार बघणाऱ्या मुकादमांच्या पत्नी, मोझेलबाई, म्हणाल्या, "चर्चं काय मुंबईला थोडी होती? ती बघायला बसमधून ओकत जायचं?"

"तुम्ही ओका बाई, आम्ही बघतो," एरुशा म्हणाली.

बायका हसल्या. मोझेलबाईही हसल्या, कारण त्यांचा सॅमसन आणि एरुशाची फ्लोरा यांचं जुळत आलं होतं आणि होणाऱ्या विहिणींची चेष्टा चालायचीच. पण हसून झाल्यावर त्यांनी सांगून ठेवलं – बघायचं तर बघा, पण लांबून. हात जोडायचे नाहीत, डोकं झाकायचं नाही. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी इथं आमच्या लोकांनी लग्नाची नोंद करायला जावं, तर आजी-पणजीपर्यंत विचारत, तुम्ही खरे यहुदी का म्हणून. मुकादमांनी त्या वेळी किती खेटे घातले होते, किती अपमान गिळले होते. मोझेलबाई म्हणायच्या, आपल्याकडं बोट दाखवायला लोक टपलेलेच आहेत, आपण बोट कशाला द्यायचं?

हे सगळं मी ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं. हे लक्षात ठेव.

त्या दिवशी डोंगराच्या वळणांनी मलाच बस लागली. गावात पोचल्यावर बाकीच्या बायका शिकवणारीच्या मागून गेल्या. मी एका ओट्यावर बसून राहिले, अंगात कापरं भरलेलं. समुद्राकाठच्या माणसाला ती डोंगरातली थंडी. एरुशा माझ्यासाठी मागं राहिली. तिनं आपली शाल काढून माझ्या अंगावर घातली. डाळिंबी रंगाची, काठाला काळी वेल, नवऱ्यानं लग्नानंतर घेतलेली. तशी शाल आमच्यात दुसऱ्या कुणाकडं नव्हती. "बस इथं, पाणी घेऊन येते," म्हणाली आणि बाटली घेऊन गावातल्या घरांकडं गेली. तेवढ्यात बाकीच्या बायका चर्च बघून मागच्या बागेत गेल्या. त्यांचे आवाज भिंतीपलीकडून येत होते. दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

मी उठले.

उंबऱ्याशी माझा हात आपोआप चौकटीवर गेला. आपल्या दाराला मेझुझा असतो ना, देववचनाची डबी, त्याला बोट लावून ओठांना लावायचं, तसा. तिथं मेझुझा कुठला? थंडगार दगड. तरी मी बोटं ओठांना लावली. आत अंधारासारखा उजेड. भिंतींवर जुनी चित्रं, संतांची असावीत. लांब झगे, उचललेले हात, पण तोंडं नाहीत. कुणीतरी कधीकाळी एकेकाचं तोंड खरवडून काढलेलं. बाकी सगळं अंग होतं, बोटांची नखंसुद्धा होती, आणि तोंडाच्या जागी पांढरा चुना. ते सगळे माझ्याकडं वळलेले होते. डोळे नसताना माणूस आपल्याकडं बघतंय असं कसं वाटतं? मला वाटलं.

कोपऱ्यातून पायऱ्या खाली गेल्या होत्या. खालून पाण्याचा आवाज येत होता. मी उतरले. खाली एक वाळूचं तबक होतं, त्यात कुणाकुणाच्या अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या. मी पदरावरून शाल डोक्यावर ओढून घेतली आणि एक मेणबत्ती लावली.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की ते झालं. हात गेला, घडलं. आजारी होते, भान नव्हतं. पण मग मेणबत्ती कुठून आली? मेणबत्ती मी घरून आणली होती. आमच्या शब्बाथच्या, शुक्रवारी संध्याकाळी लावायच्या मेणबत्त्यांच्या पुड्यातली, रुमालात गुंडाळून, पोलक्यात खोचून. काडेपेटीसुद्धा. सहलीचं ठरलं त्या दिवसापासून माझ्या मनात होतं. शब्बाथची मेणबत्ती मी चर्चात जाळली. आपल्या देवाची वस्तू नेऊन दुसरीकडचं फेडलं. बांद्र्याची मावली इथल्या डोंगरात मेण घेईल का, हेही मला माहीत नव्हतं. चालेल, असं मीच ठरवलं.

मी म्हटलं, तुझं घे आणि माझ्या पोराला बोलू दे.

तेव्हा वर पायऱ्यांच्या तोंडाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. उजेड कमी झाला, पाण्यावर सावली पडली. माझ्या पाठीला ते कळलं. मी वळले नाही. खरं सांगू? – मला वाटलं, तीच आली. घ्यायला आली. मी शाल घट्ट धरली आणि डोळे मिटून उभी राहिले. थोड्या वेळानं उजेड परत आला.

त्या मोझेलबाई होत्या. आम्ही दोघी मागं राहिलो म्हणून बागेकडच्या दारानं बोलवायला आलेल्या, ओटा त्यांना दिसला नव्हता.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले तोच एरुशा आली. गावातल्या एका बाईनं पाण्यात पुदिना घालून दिला होता. ती हातवाऱ्यांनी त्या बाईशी कशी बोलली ते सांगत हसत होती. मी पाणी प्याले. मला आता थंडी वाजत नव्हती. शाल काढून तिला दिली, तिनं खांद्यावर टाकली. एवढंच. तिला मी काही सांगितलं नाही. सांगायला वेळ होता की नव्हता? होता.

यरुशलेमला भिंतीपाशी सगळ्या रडल्या. मी हात लावला नाही.

परतताना बसमध्ये गाणी चालली होती. मग मोझेलबाई पुढच्या जागेवरून उठून आमच्या सीटपाशी आल्या. ओरडल्या नाहीत. हळूच विचारलं, "एरुशा, खाली कुणासाठी मेण जाळलंस गे?"

एरुशाला कळलंच नाही. "कुठं खाली?"

"चर्चात. तळघरात. मी वरून बघितलं. हीच शाल होती डोक्यावर."

"मी पाणी आणायला गेले होते, बाई. हिच्यासाठी."

"मग शाल एकटीच उतरली का पायऱ्या?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. गाणं थांबलं. आणि मी एरुशाच्या तोंडावर बघितलं – तिला समजलं. सगळं समजलं. बांद्र्याच्या टेकडीपासून सगळं, कारण तो नवस बोलताना माझ्या शेजारी तीच तर होती, माझं पोर पाठीवर घेऊन. ती माझ्याकडं वळली. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. नुसती थांबली. जशी नळावर थांबायची नाही कधी. आज तिनं माझ्या वाटचं न बोलता मला जागा करून दिली.

मोझेलबाईंनीच विचारलं, "रिबका, तू हिच्याबरोबर होतीस. शाल तुला दिली होती का हिनं?"

"दिली होती," मी म्हणाले. "पण लगेच परत केली. मी आत गेलेच नाही. बाहेर बसले होते."

मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हटलं ना मी? बसभर बायका ऐकत होत्या. हे मी कुठंही न अडखळता बोलले.

"रिबका कशाला खोटं बोलेल," मागून कुणीतरी म्हणालं.

एरुशा म्हणाली, "बरं." आणि खिडकीकडं तोंड केलं.

इथं थांबावं असं वाटतं. इथपर्यंत सांगून थांबले तर तू म्हणशील, घाबरली बिचारी. मुलगा लढाईवरून आलेला, मन ठिकाणावर नाही, तोंडून निघून गेलं. पण ते तसं नाही. मी ज्याला आतापर्यंत बगल देत होते ते हे – घाबरले तर होतेच, पण त्या घाबरण्यात मी विचार केला. एका क्षणात केला, पण केला.

आमच्या लोकांत गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा एक भेद होता. कातडीच्या रंगाचा नाही. कुणाच्या घरात कधीकाळी बाहेरच्या जातीची बाई आली असेल, तर त्या वंशाला काळे म्हणत. त्यांच्याशी सोयरीक नको, एका ताटातलं नको. एरुशाची आजी आगरी जातीची होती. मुंबईतल्या काही घरांना ते माहीत होतं. पण मला ते एरुशानं स्वतः सांगितलं होतं, विश्वासानं, भांडी घासता घासता. इथं आल्यावर त्याचा कुणी उच्चार करत नव्हतं, पण विसरलेलंही नव्हतं. मोझेलबाईंनी फ्लोराला पसंत केलं तेव्हा काही बायकांनी नाकं मुरडलीच होती.

माझ्यावर हा डाग पडला असता तर लोकांनी अर्धवट मानला असता – रिबका? छे, तिचं माहेर गोरं, सासरही गोरं. एरुशावर तो लगेच चिकटणार होता. हे मला माहीत होतं. बसमध्ये, तोंड उघडायच्या आधी, मला हे माहीत होतं. म्हणूनच मी ते तिच्यावर टाकलं.

ते चिकटलं. "शेवटी रक्त बोलतं," असं पुढच्या शब्बाथला बायकांच्या बाजूला म्हणाल्या. मुकादमांनी निरोप पाठवला, सॅमसनला इतक्यात घाई नाही. सिनेगॉगच्या बाकावर एरुशाच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. मालिद्याला तिच्या घरून आलेलं खोबरं तसंच कागदात राहिलं. मग मुलांच्या तोंडी नाव बसलं – चर्चवाली. मोठ्यांनी मुलांना रागावलं नाही.

एक दिवस फ्लोरा माझ्याकडं आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, आई खरंच आत गेली होती का? ती मला काही सांगतच नाही. नुसती म्हणते, जाऊ दे."

म्हणजे एरुशानं पोटच्या पोरीलाही सांगितलं नव्हतं. पोरीचं लग्न मोडत असताना. आणि मी काय म्हणाले? "मला काय माहीत बाळा, मी बाहेर होते." वर तिला सरबत करून दिलं.

एरुशा माझ्या दारात कधी भांडायला आली नाही. मी वाट बघायची. जिन्यात पावलं वाजली की हातातलं काम थांबायचं. ती आली असती, केस धरले असते, तर कदाचित माझ्या तोंडून निघालं असतं. पण रस्त्यात दिसली की एवढंच विचारायची, "बेनी कसा आहे?" आणि उत्तराला थांबायची.

बेनी बरा होत होता. हे लिहायलाही हात जड होतो. त्याच उन्हाळ्यात एक दिवस तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन मराठीत म्हणाला, "आई, हिरवी चटणी नाही का केली?" मी पाटावरवंट्याशी बसून रडले. मग तो बाहेर पडू लागला, मग बंदरावर कामाला लागला. देवाचे आभार मानायचे होते. कुठल्या तोंडानं, आणि कुठल्या देवाचे? माझं मेण कुणीतरी घेतलं होतं का? घेतलं असेल तर त्याबरोबर एरुशालाही घेतलं. नसेल घेतलं, मुलगा आपोआपच बरा झाला असेल, तर मग एरुशाचं सगळं फुकटच गेलं. यातलं कुठलं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर्षाच्या आत एरुशा फ्लोराला घेऊन पार दक्षिणेच्या टोकाला, एलातला गेली. हॉटेलच्या धुलाईखान्यात काम मिळालं म्हणून. तिचं सामान निघालं त्या दिवशी मला सुट्टी होती. मी सकाळीच घरातून निघाले आणि बंदराजवळच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिले. आले तेव्हा समोरच्या खिडक्यांना पडदे नव्हते.

त्यानंतर आमच्या घराचं चांगलंच होत गेलं. काही वर्षांनी बेनीचं लग्न ठरलं – मोझेलबाईंच्या मुलीशी, रीनाशी. जी सोयरीक एरुशाच्या दारातून परत गेली, ती माझ्या दारात आली. मोझेलबाई म्हणाल्या, "घर बघून दिली हो मुलगी." मी खाली मान घालून हसले. मी लाजते म्हणून सगळ्यांना कौतुक वाटलं.

बेनीनं मला न विचारता एरुशाला फोन करून बोलावलं. ती आली, इतक्या लांबून. केस पांढरे झालेले, हात साबणानं सोललेले. मेंदीचा कार्यक्रम आमच्या घरात होता. नवऱ्या मुलाच्या बोटाला मेंदी लावायची होती. बायका पुढं होत्या, ती दाराशी उभी. बेनीनं बसल्या जागेवरून हाक मारली, "एरुशा मावशी, तू लाव ना पहिली." मोझेलबाईंनी माझ्याकडं बघितलं. घर माझं, मुलगा माझा, बोलायचं मी होतं.

"आधी घरच्या बायकांचं होऊ दे," मी म्हणाले.

"हो हो, आधी घरच्या," एरुशाच घाईनं म्हणाली. मला अडचण नको म्हणून.

थोड्या वेळानं ती स्वयंपाकघरात आली. मी एकटीच होते, पुऱ्या तळत होते. ती माझ्या अगदी जवळ उभी राहिली आणि म्हणाली, "तो झोपतो ना आता गे?"

"झोपतो," मी म्हणाले.

"मग झालं."

एवढंच बोलली. तिनं मला माफ केलं असं मी धरत नाही. ती जेवढं बोलली तेवढंच लिहिते. मी पुरी उलटली. वळून बघितलं तेव्हा ती गेली होती. लग्नाला थांबली नाही, सकाळच्या बसनं परतली.

दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी मी शब्बाथच्या मेणबत्त्या लावते. लावल्यावर दोन्ही हातांनी डोळे झाकून प्रार्थना म्हणायची असते. हात डोळ्यांवर गेले की मी त्या पायऱ्यांवर असते. खाली नाही, वर, जिथं मोझेलबाई उभ्या होत्या तिथं. खाली पाण्याचा आवाज, भिंतींवर ती बिनतोंडाची माणसं, आणि पाठमोरी एक बाई, डाळिंबी शाल डोक्यावरून घेतलेली. मी वाट बघते ती वळेल म्हणून. पहिल्या वर्षांत मला माहीत असायचं की वळली तर ते तोंड माझं असणार. पण माझं खोटं मी इतक्यांदा मनात म्हटलं, की आता कधी कधी ती वळते आणि एरुशाच असते. मग मीच दचकते. हात काढते तो मेणबत्त्या अर्ध्या झालेल्या असतात, आणि रीना म्हणते, आई किती श्रद्धेनं म्हणतात.

या हिवाळ्यात एरुशा वारली. एलातहून आलेल्या कुणीतरी सांगितलं. शब्बाथला बायकांच्या बाजूला मोझेलबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ती चर्चवाली गेली म्हणे." पुढच्या बाकावर एक नवी सून बसलेली, इथंच जन्मलेली. तिनं हिब्रूत विचारलं, चर्चवाली म्हणजे कोण? मोझेलबाई तिला सांगू लागल्या. ते गाव, ते तळघर, डोक्यावर घेतलेली शाल, आणि पुढं आजीचं रक्त. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आमच्या विहीणबाई होत्या तिथं. विचार त्यांना."

मुलगी माझ्याकडं बघत होती. तिला काही पडलेलं नव्हतं, सहज विचारलेलं. एरुशाला आता कुणाचं काही लागत नव्हतं, मलाही फार दिवस राहिलेले नाहीत. खरं बोलायला यापेक्षा सोपी वेळ मला कधी मिळाली नव्हती.

"हो," मी म्हणाले. "मी होते तिथं."

मुलीनं मान हलवली आणि पुढं वळली.

एरुशा त्या चर्चात गेलीच नव्हती. ती माझ्यासाठी पाणी आणायला गेली होती. आत मी होते. चर्चवाली मी.